तंबोरा दोनदा मिरजेला गेला

माझ्याकडे स्वतःहून कुणी येत नाही. सगळे आणलेले असतात. कुणाला सून आणते, कुणाला मुलगा, एखाद्याला अख्ख्या घराने मिळून आणलेले असते. खुर्चीत बसल्यावर बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले, "मला ऐकू येतं, हे लोकच हळू बोलतात." मी वाद घालत नाही. काचेच्या खोलीत नेऊन बसवते.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. औरंगपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्याच्या गल्लीत हा शब्द कुणाला धड म्हणता येत नाही, त्यामुळे रिक्षावाल्यापासून शेजारच्या औषधवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी मी 'कानाच्या मॅडम'. कानाचे डॉक्टर वेगळे. ते औषध देतात, ऑपरेशन करतात. मी कान किती ऐकतो ते मोजते आणि कमी पडत असेल तर मशीन बसवते. मोजायची रीत सोपी आहे. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचे, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी बाहेरून एकेक सूर सोडते. आधी जाडा, मग बारीक, मग अगदी बारीक; प्रत्येक सूर मोठा, लहान, आणि शेवटी असून नसल्यासारखा. ऐकू आला की बटण दाबायचे. त्यावरून कागदावर एक रेघ तयार होते. चांगल्या कानाची रेघ वरच्या बाजूने आडवी जाते. म्हाताऱ्या कानाची रेघ डावीकडून नीट निघते आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली येते. म्हणजे जाडे आवाज शाबूत आणि बारीक आवाज गेलेले.

वय झाले की आधी बारीक आवाजच जातात. रातकिडे जातात, पैंजण जातात, मग बोलण्यातले स आणि फ जातात. दिसेनासे झाले की माणसाला अंधार कळतो. ऐकू येईनासे झाले की फक्त शांत वाटते, आणि म्हातारपणी शांत वाटले तर कुणी तक्रार करत नाही. म्हणून लोक माझ्याकडे उशिरा येतात.

मशीन लावले की सगळे खूश होतात असेही नाही. वैजापूरचे एक कांद्याचे आडते होते. लिलावात त्यांचा आवाज मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत जायचा. त्यांना मशीन बसवले आणि आठवड्याने बायको त्यांना परत घेऊन आली. "मॅडम, हे बोलंनाच झालेत."

"बोलायचं काय," आडते म्हणाले. "मी एवढा वरडतो हे कुणी सांगितलंच नाय मला."

"सांगत व्हते की रोज. ऐकू कुठं येत व्हतं?"

सोयगावच्या एका आजींनी तर मशीन रुमालात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवले. बिघडले का, असे मी विचारले. "बिघडलं कुठं? लई चांगलं हाय. घरातलं समदं ऐकू येतंय. म्हून तर परत आणलं."

या गोष्टी मी लग्नाकार्यात सांगते आणि लोक हसतात. कुमुदताईंची गोष्ट सांगत नाही. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असा निरोप आला तेव्हाही मी आधी आडते आणि आजी यांच्यावरच भागवायचे ठरवले होते.

कुमुदताई ज्योतीनगरमध्ये गाणे शिकवायच्या. त्यांचे नाव मोठे नव्हते. तरुणपणी रेडिओवर गायल्या होत्या, गावोगावच्या मंडळांत गायल्या होत्या, नंतर संसार आणि शिकवण्या. पण शहरातल्या जाणत्या लोकांना विचारले तर ते जरा थांबून म्हणायचे, "सुरेल बाई." मला गाण्यातले काही कळत नसे. लहानपणी आमच्याकडे रेडिओ बातम्यांपुरता लागायचा, त्यामुळे गाण्याची आणि माझी फारशी ओळख झाली नाही.

त्यांना त्यांची सून मंजू घेऊन आली. मंजू बँकेत आहे. फेब्रुवारीतली सकाळ होती, बँक उघडायच्या आत तिला परत जायचे होते. काय होतंय, असे मी विचारले.

"यंदा शिंजीर आलाच नाही," कुमुदताई म्हणाल्या.

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. नर काळा दिसतो आणि ऊन पडले की जांभळा होतो. फुलातला मध खातो. माझ्या पाहण्यातला पक्षी आहे, पण कानाच्या दवाखान्यात त्याचे काय, ते मला कळेना.

"आई, आलाय. रोज येतो जास्वंदीवर," मंजू म्हणाली.

"मग बोलत का नाही?"

"बोलतो की. केवढा बोलतो."

कुमुदताईंनी सुनेकडे पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिसला होता मला. चोच उघडत होता, मिटत होता. मला वाटलं तहानेनं आ वासतोय. मी वाटीत पाणी ठेवलं त्याच्यासाठी."

मंजूने मग बाकीचे सांगितले. वर्षभरापूर्वी सासूबाईंनी तंबोरा बिघडला म्हणून मिरजेला पाठवला. तिकडे तंतुवाद्यांचे कारागीर आहेत. दुरुस्त होऊन आला तर तसाच. ताईंनी कारागिराला दोष दिला आणि तंबोरा पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदा त्याचा मंजूला फोन आला की वाद्य ठणठणीत आहे, पाठवायचं तर परत पाठवा, पण दुरुस्त करायला त्यात काही नाही. मंजूला तेव्हा काही सुचले नाही. जास्वंदीखाली पाण्याची वाटी दिसली त्या दिवशी सुचले.

तंबोऱ्यात काय बिघडले होते ते मला नंतर कळले. आधी सांगून टाकते. तंबोऱ्याला चार तारा असतात. त्या खाली एका रुंद घोडीवरून जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा दोरा सरकवतात. दोरा मागे-पुढे करत गेले की एका जागी तारेचा आवाज अचानक उघडतो, त्याला झळाळी येते, मधमाश्यांचे मोहोळ दूर कुठे उठावे तसे काहीतरी तारेच्या मागे घुमायला लागते. त्याला जवारी म्हणतात. गाणारा त्या झळाळीवर स्वतःचा सूर टेकवतो. दोरा केसभर हलला की जवारी जाते आणि तार नुसती वाजते. कुमुदताई वर्षभर रोज सकाळी दोरा सरकवत होत्या आणि त्यांना ती जागा सापडत नव्हती.

मी त्यांना खोलीत बसवले. हेडफोन लावला आणि उजव्या कानात मधला सूर सोडला. बटण दाबायचे सोडून त्यांनी काचेतून मला हात केला. मी दार उघडले.

"हा पेटीच्या पांढरी सातच्या जरा वर आहे. तुमचा सूर चढलाय."

"ताई, सूर माझा नाही, मशीनचा आहे. तुम्ही फक्त बटण दाबा."

मग तोच सूर मी डाव्या कानात सोडला. त्यांनी पुन्हा हात केला. या वेळी चेहरा वेगळा होता. "दुसरा लावलात का?"

"तोच आहे."

"तोच कसा? हा उतरलाय."

मी सूर बदलला नव्हता. एकच सूर दोन कानांत दोन ठिकाणी ऐकू येणे, हे आतल्या कानाची झीज नुसती आवाजावर थांबली नसून सुरापर्यंत गेल्याचे लक्षण असते. सामान्य माणसाला ते आयुष्यभर कळत नाही आणि कळून त्याचे काही बिघडतही नाही. त्या दिवशी रेघ काढायच्या आधीच मला बरेचसे समजले होते. रेघही तशीच आली, मध्यापर्यंत ठीक आणि पुढे घसरगुंडी.

मी गोड बोलत नाही. माणसे त्यासाठी येत नाहीत असे माझे मत आहे. मी त्यांना सांगितले, "मशीननं आवाज मोठा होईल, बोलणं कळेल. पण मशीन सूर सरळ करत नाही."

"आणि जवारी?"

जवारी म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हते. बघू, असे मी म्हणाले. धंद्यात मी हा शब्द सहसा वापरत नाही.

मशीन बसवले. दोन आठवड्यांनी त्या एकट्याच रिक्षा करून आल्या.

"मंजूचं बोलणं येतं. कुकरची शिट्टी येते. फाटकाची कडी येते. तंबोरा तेवढा येत नाही."

"हळू येतो का?"

"येतच नाही. तार छेडली की येतो आणि लगेच कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवतं."

हे ऐकून मी अडखळले, कारण वर्णन अगदी बरोबर होते. आजची मशीने हुशार असतात. बोलण्याचा आवाज सारखा हलता असतो, वर-खाली होतो, तुटतो, पुन्हा सुरू होतो. पंखा, एसी, पाण्याची मोटर यांचा आवाज एकसारखा असतो. म्हणून मशीनला शिकवलेले असते की जो आवाज बदलत नाही तो गोंगाट, तो दाबायचा. आणि जो बारीक आवाज अजिबात हलत नाही ती मशीनची स्वतःची शिट्टी, ती पुसायची. आता तंबोऱ्याचे सगळे मोठेपण न हलण्यात आहे. मशीनने त्याला पंखा समजून दाबले होते, शिट्टी समजून पुसले होते आणि काम चोख केल्यासारखे गप्प बसले होते.

ते सगळे बंद करता येते. पण दवाखान्यात बसून अंदाजाने करण्यात अर्थ नव्हता, तंबोरा समोर हवा होता. माझे घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी म्हणाले, सकाळी दवाखान्यात जाताना येते.

गेले तर नळाचा दिवस होता. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, येते त्या दिवशी कॉलनीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. मी लॅपटॉप उघडून बसले, ताई तंबोरा घेऊन बसल्या आणि शेजारची मोटर घुमायला लागली.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "ही काळी एकच्या खाली चालते. मागं एक मुलगी यायची शिकायला, ती तंबोरा सोडून हिच्यातच सूर लावायची. तिला मी मंगळवारी यायला सांगायचे. मंगळवारी नळ नसायचा तेव्हा."

मोटर बंद झाल्यावर आम्ही सुरुवात केली. मी मशीनमधली एकेक हुशारी बंद करत गेले आणि त्या तारा छेडत राहिल्या. कधीतरी त्यांनी डोळे मिटले. "आला. तंबोरा आला." दोरा सरकवला, पुन्हा छेडला. पुन्हा सरकवला. "जवारी नाही आली."

"ती कशी असते ते मला कळल्याशिवाय मी काय दुरुस्त करणार?" मी म्हणाले.

"मग ऐक. तार वाजते ती ऐकू नको. वाजून झाल्यावर मागं काय उरतं ते ऐक."

त्या दोरा हळूहळू सरकवत राहिल्या. मला बराच वेळ काही कळले नाही. तार वाजत होती, बस. मग एका जागी तारेतून काहीतरी सुटले. त्या आवाजाच्या डोक्यावर दुसरा आवाज, त्याच्यावर आणखी एक बारीक, आणि सगळ्यांत वर एक इतका बारीक की तो आहे की मला वाटतोय, ते सांगता येईना. मी इतकी वर्षे लोकांच्या कानांत एकेकटे सूर सोडत होते. एका तारेत इतके सूर दाटीवाटीने राहतात हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि ऐकले पहिल्यांदा.

"आली," माझ्या तोंडून गेले.

ताईंनी हात थांबवला. "तुला आली?"

त्यांना आली नव्हती. त्या दोऱ्याकडे बघत बसल्या. मग मला सांगावे लागले की जे वरचे बारीक सूर मिळून जवारी होते, ते ऐकणारा भाग त्यांच्या कानात राहिलेला नाही. आतल्या कानात बारीक केस असतात, ते झडले की पुन्हा उगवत नाहीत.

"दुसऱ्या मशीननं?"

"कुठल्याच नाही."

"डोक्यावरचेही नाहीच उगवले म्हणा," त्या म्हणाल्या आणि तंबोऱ्याला गवसणी घालायला लागल्या.

एक उपाय मी तरीही करून पाहिला. काही मशीनमध्ये बारीक आवाज खाली ओढून जाडा करायची सोय असते, म्हणजे कान जिथे शाबूत आहे तिथे तो नेऊन सोडायचा. मी ती चालू केली आणि आम्ही जास्वंदीजवळ उभ्या राहिलो. शिंजीर आला, फांदीवर बसून त्याने जिवाच्या आकांताने सुरू केले. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज निघतो आणि निघताना सगळा पक्षी थरथरतो. ताईंनी लक्ष देऊन ऐकले.

"हा शिंजीर नाही. हे काहीतरी डबक्यातलं आहे. काढ ते."

मी काढले.

तेव्हापासून एक रीत पडली. दवाखान्यात जाताना मी त्यांच्याकडे थांबायचे. त्या दोरा सरकवायच्या आणि मी सांगायचे. "नाही. नाही. आली. गेली. मागं घ्या. आली." मग मी चहा घेऊन निघायचे आणि त्या रियाज करायच्या. मंजूची सकाळ डब्यांची आणि शिष्या संध्याकाळी येणाऱ्या, म्हणून हे काम माझ्याकडे आले असे मी समजत होते. ते तेवढेच नव्हते हे आषाढात कळले.

त्यांच्याकडे गुरुपौर्णिमेला सकाळी घरच्या घरी गाणे होत असे. जुन्या-नव्या शिष्या, चार जाणती माणसे, तबल्याला करीमभाई. करीमभाई कुमुदताईंच्या पहिल्या रेडिओच्या गाण्यापासून त्यांच्या साथीला होते, सकाळच्या रियाजालाही रोज तेच येत. शिष्या आधी गायच्या, शेवटी ताई. त्या वर्षी चार दिवस आधी ताईंनी मला खाली बसवले.

"मी सुरात आहे की नाही, मला कळत नाही आता. उजवा कान एक सांगतो, डावा दुसरंच. मुलींना विचारलं तर म्हणतात, ताई, काय लागलाय आज सूर. करीमभाई म्हणतात, बाई, आप नक्को फिकर करो. त्या भीतीनं बोलतात, ते प्रेमानं. तुला यातलं काही नाही."

"मला गाणं कळत नाही, ताई."

"गाणं नको कळू दे. तू दिवसभर लोकांना सूरच ऐकवतेस, त्यात फक्त गाणं नसतं. आणि जवारी तुला कळते. तिच्यावर माझा सूर बसला की नाही एवढं तुला ऐकू येईल. तू समोर बस. मी उतरले तर चष्मा काढ."

"आणि मग?"

"मग मी थांबेन. लोकांसमोर बेसूर गात राहायचं नाही मला. मी अशा बायका ऐकल्यात. त्यांना कुणी सांगितलं नाही."

मी हो म्हणाले. रेघ खाली गेली तर खाली गेली असे सांगणे हा माझा धंदाच आहे. माणसाच्या तोंडावर हे सांगायला मला कधी जड गेले नव्हते.

त्या सकाळी पावसाची झड होती. दिवाणखान्यातल्या सतरंजीवर पंधरा-वीस माणसे दाटीने बसली होती. मी भिंतीला टेकून, पण ताईंच्या अगदी समोर. ताईंचा आणि शिष्यांचा, दोन्ही तंबोरे सकाळी आम्हीच लावले होते, मी "आली" म्हटल्यावर ताईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नव्हते. दोन शिष्या ते घेऊन मागे बसल्या. ताईंनी डावे मशीन काढून ठेवले आणि तोडी सुरू केली.

गाणे ऐकायचे म्हणजे काय करायचे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. लोक मान हलवतात ते एकमेकांचे बघून, असे मला वाटे. ताई पहिल्यांदा बराच वेळ जागच्या हलल्याच नाहीत. एकाच सुराभोवती राहिल्या. मग शेजारच्या सुराला नुसता हात लावून परत आल्या. तोडीतला गंधार नेहमीच्या गंधाराहून खाली असतो म्हणे. मला तो खाली-वर काही कळले नाही, एवढे कळले की तिथे जाताना बाई कुणा आजारी माणसाच्या खोलीत पाऊल टाकावे तशा जात होत्या. खोलीतला कुणीही हलत नव्हता. तंबोऱ्याची झळाळी मागे सारखी होती आणि त्यांचा आवाज तिच्यात असा मिसळलेला की कुठे तार संपते आणि कुठे माणूस सुरू होतो, ते मला शोधावे लागत होते. माझे डोळे भरून वगैरे आले नाहीत. पण माझ्या मनात आले की हे इतकी वर्षे दोन गल्ल्यांवर चालू होते.

मग तबला सुरू झाला आणि त्या वर चढायला लागल्या. वरचा सा म्हणजे गाण्यातले शेवटचे घर, तिथे पोचून थांबायचे असते. ताई तिथे गेल्या आणि जरासे खाली थांबल्या. अगदी जरासे. जिन्याला अजून एक पायरी आहे हे माणूस विसरतो तेवढे. मागे तंबोरे खरा सा सांगत होते आणि ताईंचा सा त्याला घासत होता. मी इकडे-तिकडे पाहिले. एक शिष्या मांडीवरच्या पदराकडे बघत होती. दुसरीने डोळे मिटून घेतले होते. करीमभाईंचा तबला एकदम भरून वाजायला लागला. ताई माझ्याकडे पाहत होत्या.

पुन्हा त्या वर गेल्या. पुन्हा तिथेच.

मी चष्मा काढला.

ताईंनी ते आवर्तन पूर्ण केले, खाली उतरून समेवर आल्या, आणि हात जोडले. "पुढचं मुली गातील," म्हणाल्या. लोकांना वाटले दम लागला. कुणीतरी पाणी आणले. शिष्यांनी भैरवी म्हटली, जेवणे झाली, पुरणपोळीची स्तुती झाली. मी वाढायला होते. ताई सगळ्यांशी नेहमीसारख्या बोलत होत्या. पांगापांग झाल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"लवकर काढलास की उशिरा?"

"उशिरा," मी म्हणाले. "पहिल्यांदा उतरलात तेव्हा काढायला हवा होता. एकदा जाऊ दिलं."

त्यांनी थोडा विचार केला. "तेवढं चालतं," म्हणाल्या.

फाटकाशी करीमभाई तबल्याची पिशवी रिक्षात ठेवत होते. मला पाहून थांबले. "मॅडम, आप चष्मा निकाले, मैं देखा."

मी फाटकाची कडी धरून उभी राहिले.

"मेरे कू मालूम था. दो साल से मालूम था. ऊपर का सा आया की मैं हाथ भारी करता था. लोगां बोलते थे, बुड्ढा जोश में है." ते हसले आणि मग हसू थांबले. "आप अच्छा करे की बुरा करे, मेरे कू नक्को पूछो. कल सुबू से मैं कहाँ जाना, वो सोचरा हूँ मैं."

कुमुदताई त्यानंतर गायल्या नाहीत. लोकांसमोर नाही आणि घरातही नाही. तंबोरे गवसणीत घालून भिंतीला लावून ठेवले. मोठ्या शिष्या दुसरीकडे जायला लागल्या. ताईंनीच त्यांना पाठवले. मी सवयीने सकाळी थांबायचे, चहा घ्यायचे. दोऱ्याचे काम उरले नव्हते. मशीने नियमित साफ करायची, बॅटरी बदलायची, मंजूचे बोलणे ऐकायचे, एवढे त्या शहाण्यासारखे करत होत्या. मशीनचे पेशंट म्हणून त्या आदर्श होत्या. माझ्या कागदावर पुढच्या तपासणीत रेघ फारशी बदललेली नव्हती. म्हणजे माझ्या हिशेबाने सगळे ठीक होते.

मी त्यांना खरे सांगितले ते बरोबर केले असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. फक्त आता करमाडच्या एखाद्या आजोबांना काचेच्या खोलीतून बाहेर आणल्यावर, "सांगा मॅडम, कान गेले ना?" असे ते विचारतात, तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते की तुम्हाला काय ऐकायचं असतं. कुणी नातवंडे म्हणतो, कुणी कीर्तन. एकजण म्हणाला होता, बैलाच्या गळ्यातली घाटी, आणि बैल तर विकून टाकलेत.

गेल्या फाल्गुनात ताईंच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराने घरटे केले. घरटे मादी करते, नर नुसता गातो. कोळिष्टके, वाळकी पाने, कागदाचे कपटे, असले काहीबाही कोळ्याच्या धाग्याने शिवून तिने लांबट पिशवी केली होती. दाराला छोटासा छज्जा. मंजूने तारेवर कपडे घालणे बंद केले आणि सगळ्या घराचे कपडे गच्चीवर जायला लागले. ताई खुर्ची टाकून त्या घरट्यासमोर बसून असायच्या.

मी सकाळी जाऊन त्यांच्याजवळ बसले तेव्हा शेजारच्या पिंपळावर तांबट बोलत होता, टुक टुक टुक टुक, भांडी ठोकल्यासारखा. त्याचा आवाज जाडा असतो.

"हा येतो मला," ताई म्हणाल्या. "हा मेला दिवसभर येतो."

मग नर जास्वंदीवर येऊन बसला. उन्हात जांभळा झाला, चोच उघडली आणि सुरू झाला. ताई त्याच्या चोचीकडे बघत राहिल्या.

"काय म्हणतोय?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय ते सांग. खालच्या सप्तकात सांग, मला येईल असं."

मी रस्त्याकडे पाहिले. दूधवाला पुढच्या घराशी होता. मी आयुष्यात कधी गायलेले नाही, आरतीलाही मी फक्त टाळ्या वाजवते. तो पक्षी काय करतोय ते मी नीट ऐकले. आधी दोन सुटे, मग एक लांब, मग सगळे एकदम घसरत खाली. तेवढे मी माझ्या घोगऱ्या आवाजात, जमेल तितके खाली आणून केले. ताईंनी कानामागे हात धरला होता.

"परत."

मी परत केले.

"उतरलीस," त्या म्हणाल्या.

मी उतरले होते की त्यांचा डावा कान, ते सांगायला माझ्याकडे तिथे काही साधन नव्हते. मी तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवले. ताठ बसल्या, एकदा घसा साफ केला आणि, गुरुपौर्णिमेनंतर पहिल्यांदाच, मला करून दाखवले. आधी दोन सुटे, मग एक लांब, मग घसरत खाली. मग पुन्हा. वरचा सूर त्यांनी लांबवला आणि माझ्याकडे पाहिले.

माझे दोन्ही हात मांडीवर होते, चष्मा डोळ्यांवर. मी ते तिथेच ठेवले.